पाऊण मिलीलीटर

खोक्यात घडी घातलेलं पत्रक असतं, अकरा भाषांत.
काय करावं ते थोडक्यात:
ओठ. गाल. नाकाकडून तोंडाच्या कोपऱ्याकडे उतरणारी रेघ.
काय करू नये याला मात्र दोन पानं लागलीत
आणि तिथे सातव्या ओळीत, पापणी.

चार वर्षांत ते मी पहिल्यांदाच पुरतं वाचलं,
कोन्स्तांत्सात, मार्चमधल्या एका मंगळवारी.
बंदरावरचा वारा काचेला मीठ चोळत होता
आणि बाहेरच्या खुर्चीत पॉम्पिलिउ दोब्रे
एक डोळा उघडा ठेवून झोपला होता.

कानामागची गाठ काढली त्याची.
गाठ गेली, जाताना चेहऱ्याची डावी बाजू घेऊन गेली.
डॉक्टर स्मारांदा म्हणाल्या,
पापणी उचलणारी नस वेगळी, मिटणारी वेगळी.
याची उचलणारी शाबूत आहे.
म्हणजे दार आहे, बिजागरी आहे,
ओढून घेणारं कुणी नाही.

तीस वर्षं क्रेन चालवली त्याने.
जहाजावरून कंटेनर असा उतरवायचा
की खाली उभ्या माणसाच्या कपातली कॉफी हलू नये.
डॉक्टरांनी कागदावर आकडा लिहिला
तेव्हा अर्ध्या तोंडाने हसला:
"एक ग्रॅमही नाही?
एवढ्याशा वजनासाठी चौदा महिने अडकलोय मी?"

सोन्याची पट्टी शिवतात म्हणे पापणीत, बुखारेस्टला.
पुन्हा सुरी त्याला नको होती.
आमच्याकडे होता तो जेल,
शनिवारी नवऱ्या मुलींच्या ओठांत भरतात तोच.
पूर्वी कोंबड्याच्या तुऱ्यातून काढायचे म्हणतात.
पहाटे गाव उठवणाऱ्याच्या डोक्यावरून!

संमतीपत्रावर रकाना: वापराचं कारण.
छापलेलं होतं: टवटवी, समतोल, इतर.
'इतर'पुढे बोटभर जागा. मी लिहिलं: झोप.
डॉक्टरांनी खोडून लॅटिन नाव लिहिलं,
पेन उचललं, थांबल्या,
आणि शेजारी बारीक अक्षरात पुन्हा झोप.

"कंपनी हात वर करेल," त्यांनी त्याला बजावलं.
"हे माझ्या जबाबदारीवर, तुझ्या सहीवर.
कुणी डोळेझाक करावी असं मी म्हणत नाही."
कोपऱ्यातून वेतुरिया, त्याची बायको:
"अहो, तेवढीच तर हवीय."

सुई. थेंब. थांबणं. परत थेंब.
"मीट," डॉक्टर म्हणाल्या.
अर्ध्यावर आली पापणी, लोंबकळली.
आणखी थोडं. "मीट."
आली. हळू, सरळ, कुठेही न हेलकावता
टेकली.
"उतरला," पॉम्पिलिउ म्हणाला. डोळा मिटलेलाच.

आडवं झाल्यावर वजन तेवढं चालत नाही,
दोन उशा घे, केबिनमध्ये बसल्यासारखा झोप, असं सांगितलं.
वेतुरियाने पर्समधून चिकटपट्टीचं रीळ काढून
माझ्या टेबलावर ठेवलं. अर्धं उरलेलं.
"मेलेल्याचे डोळे एकदाच मिटावे लागतात," ती म्हणाली.
"मी जित्याचा चारशे वेळा मिटला. मलम लावून, पट्टी मारून."

मे महिन्यात ती एकटीच आली.
"तो झोपतो," म्हणाली. "घोरतो.
मलाच डोळ्याला डोळा लागत नाही.
रात्री कूस बदलली की तो डोळा दिसायचा,
पट्टी सुटलेली, पाणी भरलेलं,
त्यात बंदरावरचा तांबडा दिवा.
राग यायचा. पण दिसायचा.
आता दोन्ही बंद. मी श्वास मोजत बसते."

काय सांगणार? मी कामाचं तेवढं सांगितलं,
की जेल कायमचा नसतो,
वर्षभरात, कधी जास्त, विरघळतो, परत भरावा लागतो.
"एकदम जातो?"
"नाही. हळूहळू."
"हळूहळू," ती म्हणाली, आणि बराच वेळ
भिंतीवरच्या भरल्या ओठांच्या पोस्टरकडे बघत राहिली.

मग विचारलं,
ते रीळ टाकलं नाहीस ना?

खणातच होतं.